हात लावण्याआधी

डॉक्टर मावशी,

मी एडिसनला वाढले. आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बायॉलॉजी मेजर, प्रीमेड, म्हणजे पुढे मेडिकल स्कूलला जायची तयारी करतेय. येत्या उन्हाळ्यासाठी माझ्यासमोर तीन पर्याय आहेत आणि मार्चअखेर उत्तर द्यायचंय. पहिला, बॉस्टनमधल्या एका खूप नावाजलेल्या संस्थेत रिसर्च इंटर्नशिप. दहा आठवडे, स्टायपेंड मिळतो, राहायला डॉर्म. लॅब हृदयाच्या पेशींवर काम करते. दुसरा, सांगलीला माझ्या सख्ख्या काकांचं हॉस्पिटल आहे, तिथे सहा आठवडे. काका म्हणतात, ‘ये, तुला ओटीत, ऑपरेशन थिएटरमध्ये, घेतो, टाके घालायला शिकवतो, डिलिव्हरीला असिस्ट कर. अमेरिकेत पेशंटला कोण हात लावू देणार तुला?’ तिसरा, घराजवळच्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत, सीएनएची (नर्सच्या मदतनिसाची) नोकरी. मागच्या महिन्यात मी मैत्रिणीबरोबर ते बघायला गेले होते. तिथे एक मराठी आजी भेटल्या. त्यांनी माझा हात धरला आणि ‘तू कुणाची गं?’ असं विचारत राहिल्या. अर्धा तास हात सोडलाच नाही. बाबांना बॉस्टन हवंय, कारण नाव. आई म्हणते, ‘एवढं शिकून तू तिथे मावशीचं काम करणार? लोकांची शी-शू काढणार?’ मला काय हवंय ते मलाच कळत नाहीये. मेडिकल स्कूलसाठी कशाचा उपयोग होईल?

– एक वाचक, न्यू जर्सी

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात आधी तुझ्या काकांचा आवाज ऐकू आला. तो माझ्या ओळखीचा आहे, कारण मीही तिकडचीच डॉक्टर. भारतात डॉक्टरांच्या तोंडी इंटर्न म्हणजे साडेचार वर्षं एमबीबीएस शिकून, शेवटची परीक्षा पास होऊन, सक्तीचं एक वर्ष वॉर्डात काढणारा मुलगा किंवा मुलगी. त्यांनी टाके घालायचेच असतात, सलाइन लावायची असते, बाळंतपणं करायची असतात. तुझ्या फोनवर काकांनी ‘इंटर्नशिप’ हा शब्द ऐकला आणि मनातल्या मनात तुला त्या रांगेत उभं केलं. ते प्रेमानेच बोलताहेत. पण तू त्या रांगेत अजून सहा वर्षं तरी येणार नाहीस. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण. आज तू ऑरगॅनिक केमिस्ट्रीची परीक्षा देते आहेस. त्वचेखाली कोणकोणते थर असतात, हे तुला अजून कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून सांगलीबद्दल आधी बोलते, कारण तिथे माझं मत पक्कं आहे. टाके घालायचे नाहीत. बाळंतपणात हात घालायचा नाही. काकांनी आग्रह केला तरी नाही.

हे मी नियमांच्या भीतीने सांगत नाही, जरी नियम आहेतच. भारतात नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली गुन्हा आहे. आणि ज्या संस्थेच्या ‘एएमकॅस’ या मेडिकल स्कूलच्या प्रवेशअर्जावर तू पुढे सही करणार आहेस, त्याच असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसने परदेशात जाणाऱ्या प्रीमेड मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. त्यांचा गाभा एवढाच, की जे काम तुला इथे करू दिलं जाणार नाही, ते तिथे जाऊन करू नकोस. सांगलीत टाके घातल्याचं तू अर्जात अभिमानाने लिहिशील आणि वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येईल तो त्या पेशंटबद्दल.

माझ्या मनातही तोच येतो, आणि त्याला कारण आहे. माझी इंटर्नशिप एका ग्रामीण रुग्णालयात झाली. रात्रीची ड्यूटी, वरिष्ठ डॉक्टर घरी गेलेले. एक पहिलटकरीण बाळंत झाली आणि तिला टाके घालायची वेळ आली. मी टाके पाहिले होते भरपूर, पण स्वतःच्या हाताने घातलेले मोजकेच. वरिष्ठांना उठवून बोलवावं, तर ते चिडतील म्हणून बोलवलं नाही. आठवड्याने ती परत आली. ताप, पू, टाके उसवलेले. तिला बाकावर सरळ बसता येत नव्हतं, एका कुशीवर रेलून बाळाला पाजत होती. मला बघून ‘डॉक्टरीणबाई आल्या’ म्हणाली आणि पिशवीतून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा पुढे केल्या. मी शिकाऊ आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. माझ्याजवळ तेव्हा साडेचार वर्षांचं शिक्षण होतं, तरी हे झालं. तू एकोणीस-वीस वर्षांची असशील.

डिग्री नसलेल्याने पेशंटजवळ जाऊच नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा द्यायचं. ३९ गावांतल्या त्या कामाचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या बायकांना इंजेक्शन द्यायचा अधिकार मिळाला तो शिकून, पुन्हा पुन्हा तपासणी होऊन, आणि गावातल्या आयांना त्या कोण आहेत हे पक्कं ठाऊक असताना. तुझ्या काकांच्या ओटीत यातलं तुझ्याबाबतीत काय असणार आहे?

तरीही सांगलीला जा, पण डिसेंबरच्या सुट्टीत दोन आठवडे जा. काकांच्या ओपीडीत कोपऱ्यात खुर्ची टाकून बस. पेशंटला तुझी ओळख ‘ही माझी पुतणी, अजून शिकते आहे, बसली तर चालेल का?’ अशी करून द्यायला सांग, आणि कुणी नको म्हटलं तर बाहेर जा. बिलाच्या काउंटरजवळही थोडा वेळ उभी राहा. पेशंटचा मुलगा पैसे कुठून आणतो, कुणाला फोन लावतो, औषधाच्या चिठ्ठीतलं काय घेतो आणि काय परत करतो, हे बघ. एखाद्या दिवशी आशाताईंबरोबर, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविकेबरोबर, वस्तीवर जाता आलं तर काकांच्या ओळखीने जा. या दोन आठवड्यांत तुला जे दिसेल ते बॉस्टनला दिसणार नाही आणि एडिसनलाही नाही.

आता उरले दोन पर्याय. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लॅबबद्दल तू संस्था नावाजलेली आहे, स्टायपेंड आहे, डॉर्म आहे असं लिहिलंस. कामाबद्दल एकच वाक्य आहे, आणि ते कुठल्याही माहितीपत्रकातलं वाटतं. नर्सिंग होमबद्दल लिहिताना मात्र पगार किती, तास किती यातलं काहीच लिहिलं नाहीस. एका आजींनी तुझा हात धरला, ते लिहिलंस. तुला काय हवंय ते कळत नाही म्हणतेस, पण मला ते पत्रात दिसतंय.

लॅबला मी कमी लेखत नाही. ज्यांना पुढे एमडी-पीएचडी करायचंय, त्यांना संशोधनाशिवाय गत्यंतर नाही. एखादा प्रश्न डोक्यात घर करून बसला असेल तर उन्हाळाच काय, दोन-तीन वर्षं लॅबमध्ये घालवावीत. पण दहा आठवड्यांचा हिशोब करून बघ. पहिला आठवडा सुरक्षिततेच्या प्रशिक्षणात जातो, पुढचे दोन-तीन हात बसण्यात, शेवटचा पोस्टर करण्यात. मधले पाच-सहा आठवडे कुणाच्या तरी मोठ्या प्रयोगाचा एक लहानसा तुकडा तुझ्याकडे असतो. तो तुकडा कुठे बसतो हे रोज समजावणारं माणूस शेजारी असेल, तर ते सोन्यासारखे आठवडे असतात. नसेल तर तू दहा आठवडे पिपेट धरून परत येतेस. म्हणून नाही म्हणायच्या आधी त्यांना एक ईमेल कर. रोजच्या रोज मी कुणाच्या हाताखाली असेन? माझ्या वाट्याला नेमकं कोणतं काम येईल? मागच्या उन्हाळ्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलता येईल का? उत्तरं वाचून तुझ्या मनात आणखी प्रश्न आले, तर मला पुन्हा लिही, मी माझं मत बदलायला तयार आहे. आणि हेही लक्षात घे, की तुझ्या स्वतःच्या विद्यापीठात लॅब आहेत. सेमिस्टर चालू असताना आठवड्याचे आठ-दहा तास असे सलग दोन वर्षं तिथे दिलेस, तर बॉस्टनच्या एका उन्हाळ्यापेक्षा जास्त शिकशील. नर्सिंग होमचं मात्र तसं होत नाही. ते काम अंगवळणी पडायला रोज जावं लागतं, आणि रोज जायला तुझ्याकडे उन्हाळाच आहे.

काका विचारतात, अमेरिकेत तुला कोण हात लावू देणार. हेच ते उत्तर. इथे तुला हात लावू देतात, पण आधी शिकवून. सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे सीएनए, व्हायला १९८७च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे निदान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि तुझ्या राज्यात त्याहून जास्त. त्यातले पहिले १६ तास पूर्ण झाल्याशिवाय तिथे राहणाऱ्या एकाही माणसाला हात लावायचा नाही, असा नियम आहे. त्या १६ तासांत काय शिकवतात माहीत आहे? कसं बोलायचं, हात कसे धुवायचे, कुणी घास अडकून गुदमरलं तर काय करायचं, माणसाला जे स्वतःचं स्वतः करता येतं ते त्याला कसं करू द्यायचं, आणि त्याचे हक्क कोणते. म्हणजे एखाद्या आजींना चमच्याने भात भरवण्याआधी तुला एवढं शिकावं लागतं. आणि तिकडे एका बाईच्या अंगावर सुई चालवायला काका ‘ये’ म्हणतात, एवढंच पुरे?

आईबद्दल. आई म्हणाली, ‘मावशीचं काम’. आपल्याकडच्या हॉस्पिटलात आयाबाईंना सगळे मावशीच म्हणतात, आणि तू मलाही मावशी म्हणून पत्र लिहिलंस, हे मला फार आवडलं. वॉर्डातल्या मावशींनी मला किती शिकवलं, ते आईला माझ्या वतीने सांग. राउंडला आम्ही दहाजण पेशंटच्या पायाशी उभे राहून तीन मिनिटांत पुढे जायचो. मावशी दिवसभर तिथे असायच्या. ‘डॉक्टर, चार नंबरच्या आजी आज चिडल्या नाहीत, बघा जरा,’ असं एकदा एक मावशी म्हणाल्या. तपासलं, तर लघवीचा संसर्ग रक्तात पसरायला लागला होता. आज मी म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर आहे, आणि इथल्या नर्सिंग होममधून मला येणारा सगळ्यात मोलाचा निरोप बहुतेकदा सीएनएकडून निघालेला असतो. त्यासाठी पुष्कळ ठिकाणी ‘स्टॉप अँड वॉच’ नावाचं एक कार्डच वापरतात. नेहमीपेक्षा वेगळे वाटतात, कमी बोलतात, कमी जेवले, पाणी कमी प्यायले, चालताना जास्त आधार लागतो, त्वचेचा रंग बदललाय. यातल्या ज्या गोष्टीवर खूण असेल, ती नर्सपर्यंत आणि मग माझ्यापर्यंत येते. त्यात यंत्र कुठलंच नाही. त्या माणसाला काल पाहिलेलं असावं लागतं.

आणि शी-शू. होय, काढावी लागेल. अंघोळ घालावी लागेल, कवळी धुवावी लागेल, ज्यांना स्वतःला वळता येत नाही त्यांना दर दोनेक तासांनी कुशीवर करावं लागेल, नाहीतर माकडहाडावर बेडसोअर होतात आणि मग ते महिनोन्‌महिने भरत नाहीत. जे माणूस आयुष्यभर कुणासमोर उघडं पडलं नाही, त्याला वीस वर्षांच्या अनोळखी मुलीकडून पुसून घेताना काय वाटत असेल, हे तू तिथे शिकशील. पडदा ओढून घेणं, अंगाचा जेवढा भाग लागेल तेवढाच उघडा करणं, काय करते आहे ते आधी सांगणं. मेडिकल स्कूलच्या चौथ्या वर्षातही हे न आलेली मुलं मी पाहिली आहेत.

काम सोपं आहे असं सांगून तुला फसवणार नाही. न्यू जर्सीत दिवसपाळीला आठजणांमागे एक सीएनए असावी असा नियम २०२१ पासून आहे. आठजणांची उठणी, अंघोळी, नाश्ते, सगळं एका सकाळी. कुणी रजेवर असलं की त्याहून जास्त. पाठ दुखेल. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेलं एखादं माणूस तुला ओरबाडेल, वाईट बोलेल, आणि दुपारी तुझ्याकडेच बघून हसेल. तू ज्यांना रोज भरवलंस त्यांच्यापैकी कुणीतरी बहुधा याच उन्हाळ्यात जाईल. त्या दिवशी गाडीत बसून रडलीस तरी चालेल, पण कुणाशी तरी बोल, एकटी राहू नकोस. एकटीने कुणाला उचलायचंही नाही. कमरेला बांधायचा गेट बेल्ट, माणसाला उचलायचं लिफ्ट यंत्र, मदतीला दुसरं माणूस, जे सांगितलं असेल ते वापरायचंच. तिथले फोटो काढायचे नाहीत, नाव न घेतासुद्धा तिथली गोष्ट इन्स्टाग्रामवर टाकायची नाही.

पैशाचं. कोर्सची फी भरायच्या आधी नर्सिंग होमला विचार. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या संस्थेत तुला नोकरी मिळालेली असेल तर कोर्सची फी तुझ्याकडून घेता येत नाही, आणि तू आधी भरली असशील आणि वर्षाच्या आत अशा ठिकाणी लागलीस तर ती भरून मिळण्याची तरतूद आहे. टीबीची तपासणी, लसींचे कागद, पार्श्वभूमीची चौकशी यांत सहज महिना जातो, त्यामुळे मेमध्ये सुरू करायचं तर कागदपत्रं आत्ताच गोळा कर. शनिवार-रविवारचा कोर्स मिळाला तर तो सेमिस्टर संपायच्या आत आटोपेल.

हे सदर वाचणाऱ्या, एच-४ वर (आई किंवा बाबांच्या एच-१बी व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या मुलामुलींसाठी एवढंच सांगते, की तुम्हाला पगाराची नोकरी करता येत नाही, स्टायपेंडच्या बाबतीतही आधी विचारावं लागतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातून आधी सीपीटी, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी, घ्यावी लागते. एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या ‘आरईयू’ या संशोधनाच्या उन्हाळी जागा फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना आहेत. हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेतात तिथे) किंवा हॉस्पिटलात खऱ्या अर्थाने स्वयंसेवक म्हणून जाता येतं, पण तेही कार्यालयाला विचारूनच ठरवा.

आता तुझा प्रश्न, आणि तो खरं म्हणजे बाबांचा आहे. मेडिकल स्कूलला कशाचा उपयोग? मी काही वर्षं एका मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीवर अर्ज वाचले आहेत. अर्जात कामांसाठी १५ जागा असतात, प्रत्येकीला स्पेस धरून ७०० अक्षरं. त्यातली तीन कामं ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडायची आणि त्यांच्यावर आणखी १३२५ अक्षरं लिहायची. मोठ्या संस्थेचं नाव पहिल्या ओळीत संपतं, उरलेली साडेसहाशे अक्षरं तुलाच भरायची असतात. नावाच्या जोरावर लिहिलेले अर्ज मी शेकड्यांनी वाचले आणि एकही आठवत नाही. आठवतो तो एक मुलगा, ज्याने गिळायला त्रास होणाऱ्या एका आजोबांना घट्ट केलेलं पाणी पाजण्याबद्दल लिहिलं होतं. ते पाणी त्यांना अजिबात आवडायचं नाही, आणि हा रोज त्यांच्याशी त्यावर वाद घालायचा. मुलाखतीत आम्ही त्याला दुसरं काही विचारलंच नाही.

बाबांची काळजी चुकीची नाही. थेट जायचं ठरवलंस तर अर्ज तिसऱ्या वर्षानंतरच्या मेमध्ये उघडतो, म्हणजे त्याआधीचा हा शेवटचा पूर्ण उन्हाळा आहे. पण आज मेडिकल स्कूलला लागणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पदवीनंतर निदान एक वर्ष थांबून आलेले असतात. आणि सीएनएचं प्रमाणपत्र हातात असलं की सप्टेंबरनंतरही महिन्यातले दोन शनिवार तू तिथे जाऊ शकतेस. एका ठिकाणी सलग दीड-दोन वर्षं टिकलेलं माणूस अर्जात लगेच ओळखू येतं. हा परिच्छेद बाबांना वाचून दाखव. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर संपादकांकडून माझा नंबर घे, रविवारी सकाळी मी घरी असते.

राहता राहिल्या त्या आजी. डिमेन्शियात किंवा स्ट्रोकनंतर पुष्कळांची मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची मागे उरते. त्या नर्सिंग होममध्ये त्यांना जे हवंय ते समजणारं माणूस सध्या कुणी नसेल, अशी दाट शक्यता आहे. ‘तहान’, ‘दुखतंय’, ‘नको’ हे तीन शब्द तरी तिथल्या नर्सना इंग्रजी अक्षरांत लिहून दे, पलंगाशेजारी लावतील. आणि ‘तू कुणाची गं?’ असं त्यांनी विचारलं की तुझ्या बाबांचं आणि गावाचं नाव सांग. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा तेच विचारतील. पुन्हा सांग.

तुझी,
डॉक्टर मावशी